वाइल्डरनेस कायदा : निसर्गस्थिती राखायची म्हणजे हात आवरायचा की हात लावायचा?

पाऊलवाट (मूळ प्रश्न)

नमस्कार मंडळी,

अमेरिकेचा १९६४ चा वाइल्डरनेस कायदा मी गेल्या महिन्यात प्रथमच मुळातून वाचला आणि त्यातल्या एका विसंगतीने तेव्हापासून माझी पाठ सोडलेली नाही. केंद्र सरकारच्या मालकीच्या ज्या जमिनी तिथली संसद, म्हणजे काँग्रेस, ‘वाइल्डरनेस’ म्हणून घोषित करते, त्या कशा असाव्यात हे सांगताना हा कायदा एका दमात दोन गोष्टी मागतो. पहिली अशी की, तिथली भूमी आणि जीवसृष्टी माणसाच्या अंमलाखाली नसावी, माणसाने तिथे पाहुण्यासारखे यावे आणि मुक्काम न ठोकता परत जावे. दुसरी अशी की, त्या जमिनीची नैसर्गिक स्थिती टिकून राहील अशा रीतीने तिचे रक्षण आणि व्यवस्थापन व्हावे. साठ वर्षांपूर्वी या दोन्ही मागण्या एकच वाटल्या असतील. माणसाने हात काढून घेतला की निसर्ग आपला आपण नांदेल, अशी त्यामागची धारणा दिसते. आज ती धरून चालता येईल का, हे मला समजून घ्यायचे आहे.

हा प्रश्न केवळ वाचनातून सुचलेला नाही. मागच्या ऑगस्टमध्ये वायोमिंगमधल्या विंड रिव्हर पर्वतरांगेत, ब्रिजर वाइल्डरनेसमध्ये, आम्ही चौघे पाच दिवस पायी हिंडलो. झाडे जिथे संपतात त्या उंचीच्या जरा खाली एक उतार लागला, आणि त्या उतारावरचे जवळजवळ प्रत्येक मोठे झाड मेलेले होते. ती व्हाइटबार्क पाइनची झाडे होती. साल गळून गेली होती, लाकूड राखाडी पडले होते आणि एका खोडावर तळहात फिरवला तेव्हा भुंगेऱ्यांच्या पोखरणीच्या उभ्या बारीक खाचा बोटांना लागत होत्या. हा भुंगेरा तिथलाच आहे, मात्र त्याच्या अळ्या मारणारी कडाक्याची थंडी आता पूर्वीइतकी भरवशाची राहिलेली नाही. दुसरा शत्रू मात्र बाहेरचा आहे. व्हाइट पाइन ब्लिस्टर रस्ट हा तांबेरा १९१० च्या सुमारास युरोपातून आणलेल्या रोपांबरोबर पश्चिम किनाऱ्यावर उतरला आणि तिथून पर्वतांमध्ये पसरला. डिसेंबर २०२२ मध्ये या झाडाची नोंद संकटग्रस्त प्रजातींच्या केंद्रीय यादीत ‘धोक्यातली प्रजाती’ म्हणून झाली. त्याच्या बिया लाल खारी साठवतात आणि ग्रिझली अस्वले ते साठे उकरून खातात, त्यामुळे एका झाडाबरोबर बरेच काही जाणार आहे.

तांबेऱ्याला तोंड देऊ शकणारी रोपे आता रोपवाटिकांमध्ये तयार होतात. ती त्या उतारावर लावावीत का? लावली, तर माणसाने तिथे कोणते झाड उगवावे हे ठरवले, म्हणजे पहिली मागणी मोडली. न लावली, तर माणसानेच आणलेल्या रोगाने नैसर्गिक स्थिती संपताना आपण हाताची घडी घालून उभे राहिलो, म्हणजे दुसरी मोडली. या जमिनींवर प्रत्यक्ष काम केलेल्या किंवा या कायद्याचा अभ्यास असलेल्या सदस्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

करवत

पाऊलवाट, मी फॉरेस्ट सर्व्हिस या केंद्रीय वनखात्याच्या वाइल्डरनेसमध्ये पायवाटा मोकळ्या करण्याच्या कामावर सात उन्हाळे स्वयंसेवक म्हणून गेलो आहे. तुमच्या प्रश्नाचे थेट उत्तर देण्याआधी ते काम कसे चालते हे सांगतो, कारण माझ्या मते उत्तराचा निम्मा भाग त्यातच आहे.

वाटेवर आडवा पडलेला ओंडका कापायला तिथे यांत्रिक करवत चालत नाही. कायद्याच्या चौथ्या कलमाने कायमचे रस्ते आणि व्यापारी उद्योग वर्ज्य केले आहेत, त्याबरोबरच तात्पुरते रस्ते, मोटारगाड्या, मोटरवर चालणारी अवजारे, मोटरबोटी, विमान उतरवणे, कोणतेही यांत्रिक वाहन आणि कोणतेही बांधकाम यांनाही मनाई आहे. यांत्रिक वाहनात सायकल येते आणि सामान वाहायची हातगाडीसुद्धा येते. मग उरते ती दोन माणसांनी ओढायची लांब करवत. ती फक्त ओढायची असते. तुम्ही ओढता तेव्हा समोरच्याने हात सैल सोडायचा, तो ओढतो तेव्हा तुम्ही, कारण ढकलले की पाते वाकते आणि चिरेत अडकते. तिच्यात कापणाऱ्या दात्यांच्या मध्ये लाकूड बाहेर ओढून काढणारे वेगळे दाते असतात. धार बरोबर असेल तर भुशाऐवजी शेवयांसारखे लांब तंतू बाहेर पडतात, आणि ते आखूड झाले की धार गेली असे समजायचे. ओंडका दोन्ही टोकांना टेकलेला आणि मध्ये अधांतरी असेल तर चीर वरून मिटत येते व पाते धरून ठेवते, म्हणून वेळेवर पाचर ठोकावी लागते. राळेने पाते चिकटू लागले की तेल लावून पुन्हा सुरुवात. जाड ओंडक्याला यांत्रिक करवतीने काही मिनिटे लागतील तिथे आमची अर्धी सकाळ जाते.

नवे स्वयंसेवक पहिल्या दिवशी हे नियम अडाणीपणाचे समजतात, आणि मीही तसेच समजत होतो. हळूहळू माझ्या लक्षात आले की हा कायदा माणसाचा हात मुद्दाम संथ करतो. संथ हाताला प्रत्येक ओंडक्यापाशी विचारावे लागते की हा कापायलाच हवा का, की वाट त्याला वळसा घालून जाऊ शकते. त्याच कलमात एक अपवाद आहे. वाइल्डरनेस म्हणून त्या प्रदेशाची देखभाल करण्यासाठी जे कमीत कमी आवश्यक असेल, तेवढ्यापुरती या मनाईतून सूट मिळते. संबंधित खात्यांना अशा प्रत्येक सुटीआधी दोन पायऱ्यांनी विचार करावा लागतो. मुळात काही करण्याची गरज आहे का, ही पहिली पायरी. आणि गरज असेल तर ती भागवणारा सर्वांत हलका मार्ग कोणता, ही दुसरी.

न्यायालये या पायऱ्या गांभीर्याने घेतात. ॲरिझोनातल्या कोफा वन्यजीव अभयारण्यात बिगहॉर्न रानमेंढ्यांची संख्या काही वर्षांत जवळपास निम्म्यावर आली, तेव्हा फिश अँड वाइल्डलाइफ सर्व्हिस या केंद्रीय वन्यजीव खात्याने तिथल्या वाइल्डरनेसमध्ये २००७ साली पाण्याच्या दोन टाक्या बांधल्या. पश्चिमेकडच्या राज्यांसाठीच्या केंद्रीय अपील न्यायालयाने (नववे सर्किट) २०१० मध्ये खात्याच्या विरोधात निकाल दिला. मेंढ्यांचे रक्षण हा योग्य हेतू आहे, हे न्यायालयाने मान्य केले. मात्र शिकार थांबवणे किंवा माणसांचा वावर कमी करणे असे उपाय असताना टाक्याच का हव्यात, याचे उत्तर खात्याच्या कागदपत्रांत नव्हते. आयडाहोमध्ये तर याहून पुढची गोष्ट घडली. फ्रँक चर्च-रिव्हर ऑफ नो रिटर्न वाइल्डरनेसमध्ये एल्क हरणांना रेडिओ पट्टे बांधण्यासाठी राज्याच्या वन्यजीव खात्याला २०१६ मध्ये हेलिकॉप्टर उतरवण्याची परवानगी मिळाली होती, आणि त्यांनी त्याच फेऱ्यांत चार लांडग्यांनाही पट्टे बांधले. पुढच्या वर्षी केंद्रीय न्यायालयाने ती परवानगीच बेकायदा ठरवली आणि मिळालेली माहिती वापरण्यास मनाई केली.

आता तुमच्या पाइनकडे येतो. कायद्यात आग, कीड आणि रोग यांच्या नियंत्रणासाठी आवश्यक ते उपाय करता येतील, असे स्वतंत्र वाक्य आहे. म्हणजे दार बंद नाही. पण ‘करता येतील’ याचा अर्थ ‘करावेतच’ असा होत नाही, आणि रोप लावणे हे रोगाचे नियंत्रण की नवी बाग, हे ठरवण्याची जबाबदारी लावणाऱ्यावर राहते.

जुने पान

वरच्या दोन्ही लेखनांत कायद्यातला कळीचा शब्द मराठीत नेमका आलेला नाही, म्हणून त्यावर थोडे विस्ताराने लिहितो. पाऊलवाट यांनी ‘माणसाच्या अंमलाखाली नसावी’ असे लिहिले आहे, तिथला मूळ शब्द ‘अनट्रॅमल्ड’ असा आहे. पुष्कळजण तो ‘अनट्रॅम्पल्ड’ म्हणजे ‘न तुडवलेले’ असा वाचतात आणि त्याचा अर्थ ‘माणसाचे पाऊल न पडलेले’ असा लावतात. तिथेच सगळी गल्लत सुरू होते. ट्रॅमल म्हणजे मासे अडकवणारे जाळे आणि घोड्याच्या पायांना बांधायचा दोर. आपल्याकडे या दुसऱ्या वस्तूला तयार शब्द आहे, तो म्हणजे पायबंद. पायबंद घातलेला घोडा मेलेला नसतो, आजारीही नसतो. त्याला फक्त आपल्या मर्जीने चालता येत नाही. तेव्हा कायदा ‘अस्पर्श’ भूमीची गोष्ट करत नाही, तो ‘पायबंद न घातलेल्या’ भूमीची गोष्ट करतो.

हा शब्द सहज आलेला नाही. मसुदा लिहिणारे हॉवर्ड झानिसर हे वाइल्डरनेस सोसायटी या निसर्गरक्षण संस्थेचे काम पाहत आणि मूळचे संपादक होते. वॉशिंग्टन राज्यातल्या कार्यकर्त्या पॉली डायर यांच्या बोलण्यात ऑलिंपिक किनाऱ्याच्या संदर्भात हा शब्द आला आणि तो झानिसर यांनी उचलला. सहकाऱ्यांनी शब्द अवघड आहे अशी शंका काढली तरी त्यांनी तो बदलला नाही. पहिले विधेयक १९५६ मध्ये मांडले गेले. पुढच्या आठ वर्षांत त्याचे साठाहून अधिक मसुदे झाले आणि ठिकठिकाणी अठरा सुनावण्या झाल्या. प्रतिनिधिगृहात जुलै १९६४ मध्ये ते ३७३ विरुद्ध १ अशा मतांनी संमत झाले आणि ३ सप्टेंबरला अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी त्यावर सही केली. झानिसर त्या वेळी हयात नव्हते. चार महिन्यांपूर्वी, मे महिन्यात, वयाच्या ५८ व्या वर्षी त्यांचे निधन झाले होते. मला ही गोष्ट दर वेळी नव्याने चटका लावते.

‘अस्पर्श’ आणि ‘पायबंदमुक्त’ यांतला फरक हा शब्दच्छल नव्हे; त्यावर लाखो एकरांचे भवितव्य ठरले आहे. कायद्याने पहिल्या दिवशी ५४ प्रदेश, म्हणजे सुमारे ९१ लाख एकर जमीन संरक्षित केली, आणि ती बहुतांश पश्चिमेकडची होती. पूर्वेकडची अरण्ये एकदा तोडली गेली होती, तिथे शेती झाली होती, म्हणून ती या व्याख्येत बसत नाहीत, अशी भूमिका फॉरेस्ट सर्व्हिसने घेतली. काँग्रेसने ती मान्य केली नाही आणि जानेवारी १९७५ मध्ये पूर्वेकडच्या प्रदेशांसाठी स्वतंत्र कायदा केला. व्हर्जिनियातल्या शेनान्डोआ राष्ट्रीय उद्यानाचा मोठा भाग १९७६ मध्ये वाइल्डरनेस झाला. तिथे आजही दाट झाडीत शेताचे दगडी बांध आणि घरांची धुराडी उभी दिसतात. ती कुटुंबे १९३० च्या दशकात उठवली गेली होती. भूमीवर माणसाच्या खुणा होत्या, पण पुढे तिला मोकळे सोडायचे असे ठरवता आले. म्हणजे हा कायदा भूतकाळाची शुद्धता तपासत नाही. आजपासून आपण कसे वागणार, याचे वचन तो मागतो. आज असे आठशेहून अधिक प्रदेश आहेत आणि त्यांचे क्षेत्र अकरा कोटी एकरांच्या वर गेले आहे. निम्म्याहून अधिक क्षेत्र एकट्या अलास्कात आहे आणि ते बहुतेक १९८० च्या एका कायद्याने आले.

झानिसर यांनी १९६३ मध्ये असे बजावले होते की आपण या भूमीचे राखणदार व्हावे, माळी होऊ नये. पाऊलवाट, मला तुमच्या रोपांबद्दल जी भीती वाटते ती हीच आहे. आज तांबेऱ्यासाठी रोपे लावू, उद्या तापमान वाढले म्हणून दक्षिणेकडची झाडे आणू, परवा त्यांना पाणी घालू. प्रत्येक पायरी मायेने उचललेली असेल, आणि शेवटी हाती येईल ती उत्तम निगा राखलेली बाग. पायबंदसुद्धा बहुधा घोडा हरवू नये म्हणूनच घातलेला असतो.

निखारा

जुने पान यांचा पायबंद मला फार पटला, पण तो त्यांनी अर्धाच उलगडला आहे. मोकळे सोडायचे म्हणताना आपण आधीच घातलेले दोर तसेच ठेवले, तर त्याला मोकळे सोडणे म्हणता येईल का?

वणव्याचे उदाहरण घ्या. पश्चिमेकडच्या पॉन्डेरोसा पाइनचा जुना बुंधा आडवा कापून पाहिला तर वाढीच्या वलयांमध्ये काळे व्रण दिसतात. जमिनीलगत आग येऊन गेली, साल थोडी भाजली, झाड जगले आणि पुढच्या वलयांनी जखम झाकत आणली, असा एकेका व्रणाचा इतिहास असतो. काही ठिकाणी असे व्रण दर पाच-दहा वर्षांनी आढळतात आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ते एकाएकी थांबतात. गुरांच्या चराईने खालचे गवत संपले, मूळ रहिवाशांना हुसकावले गेले आणि पुढे सरकारने प्रत्येक आग विझवण्याचा चंग बांधला. फॉरेस्ट सर्व्हिसने १९३५ मध्ये तर असा दंडकच घातला की कुठलीही आग लागलेली कळली की दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आत ती आटोक्यात यायला हवी. वाइल्डरनेसमध्ये वीज पडून लागलेली आग विझवणे हा पायबंदच होता, पण कित्येक दशके तो कोणाला दिसला नाही, कारण तो रक्षणाच्या नावाने घातलेला होता.

दोर सोडण्याची सुरुवातही याच प्रदेशांत झाली. १९७२ पासून मोंटाना-आयडाहोच्या सीमेवरच्या सेल्वे-बिटररूट वाइल्डरनेसमध्ये आणि त्याच दशकात न्यू मेक्सिकोच्या गिला वाइल्डरनेसमध्ये विजेने लागलेल्या काही आगी जळू दिल्या गेल्या. गिला हा प्रदेश वनाधिकारी आल्डो लिओपोल्ड यांच्या आग्रहाने १९२४ मध्येच, म्हणजे कायद्याच्या चाळीस वर्षे आधी, राखून ठेवला गेला होता. पूर्वी जिथे आग येऊन गेली होती तिथे पुढची आग सहसा सौम्य राहते, हे तिथे अनेकदा दिसून आले आहे. मात्र जिथे शंभर वर्षांचे जळण साचले आहे तिथे पहिलीच आग शेंड्यापर्यंत चढते आणि जुनी झाडेही घेऊन जाते. अशा ठिकाणी आधी थोडी आग माणसाने लावावी का, हा पाऊलवाट यांच्याच प्रश्नाचा दुसरा चेहरा आहे.

आणि ‘माणूस हा पाहुणा’ या शब्दांबद्दल मला स्पष्ट बोलायचे आहे. ज्या दऱ्याखोऱ्यांना आपण निर्मनुष्य म्हणतो त्यांतल्या कित्येक निर्मनुष्य केल्या गेल्या आहेत. योसेमिटीच्या खोऱ्यात अवाहनीची लोक ओकच्या झाडांखालचे रान ठरवून जाळत; १८५१ मध्ये सशस्त्र तुकडीने त्यांना तिथून हाकलले. खोऱ्यातली मोकळी कुरणे पाहून नंतर आलेल्यांना तो निसर्गाचा बगीचा वाटला, आणि आगी थांबताच त्या कुरणांवर झाडोरा चढू लागला. त्यामुळे ‘नैसर्गिक स्थिती’ म्हणजे कोणत्या दिवसाची स्थिती, हे विचारल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

याचा अर्थ वाइल्डरनेसची कल्पनाच टाकून द्यावी असा मात्र कोणी घेऊ नये. मोंटानातल्या सेलिश आणि कूटने जमातींच्या संघाने १९८२ मध्ये आपल्या राखीव प्रदेशातली मिशन पर्वतरांगेची सुमारे ९२ हजार एकर जमीन स्वतःच्या जमातीच्या कायद्याने वाइल्डरनेस ठरवली. तिथे दर उन्हाळ्यात मॅकडोनल्ड शिखराभोवतीचा सुमारे दहा हजार एकरांचा पट्टा माणसांना बंद केला जातो, कारण त्या दिवसांत ग्रिझली अस्वले उंचावरच्या दगडांखाली जमलेले पतंग आणि किडे खायला येतात. वाट अस्वलाची असेल तेव्हा आपण बाजूला व्हावे, हा निर्णय तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांनी घेतला आहे. मला या कायद्याचा गाभा तिथे अधिक स्वच्छ दिसतो.

सरोवरकाठ

एक उदाहरण जोडतो, कारण ते दोन्ही बाजूंना सोपे जात नाही. लेक सुपीरियरमधले आइल रॉयल हे बेट राष्ट्रीय उद्यान आहे आणि १९७६ पासून त्याची जवळजवळ सगळी जमीन वाइल्डरनेस आहे. मूझ ही थोराड हरणे तिथे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पोहोचली, लांडगे १९४० च्या दशकाच्या अखेरीस गोठलेल्या सरोवरावरून चालत आले. १९५८ पासून दोघांचा अभ्यास अखंड चालू आहे. १९८० मध्ये पन्नास लांडगे होते. मग माणसांबरोबर आलेल्या कुत्र्याकडून पसरलेला पार्व्हो विषाणू त्यांच्यात शिरला आणि संख्या कोसळली. त्यातच हिवाळे सौम्य होत गेल्याने मुख्य भूमीपर्यंत बर्फाचा पूल क्वचितच तयार होऊ लागला, नवे रक्त येईना, आणि शेवटी एक बाप आणि त्याचीच लेक असे दोनच लांडगे उरले. मूझ दोन हजारांवर गेले व बाल्सम फरची कोवळी झाडे खुरटू लागली. नॅशनल पार्क सर्व्हिसने बरीच वर्षे वाट पाहिली, सार्वजनिक हरकती मागवल्या आणि २०१८-१९ मध्ये एकोणीस लांडगे बाहेरून आणून सोडले.

निर्णय चूक होता, असे म्हणणाऱ्यांचा युक्तिवाद मी नीट वाचला आहे. लांडगेही तिथे जेमतेम सत्तर वर्षांपूर्वी आले होते, बेटांवर प्रजाती येतात आणि नष्ट होतात, त्यात आपण कोण, असे ते म्हणतात. त्यात तथ्य आहे. तरीही बर्फाचा पूल कोणामुळे नाहीसा होत आहे, हे माहीत असताना नुसते बघत राहणे ही तटस्थता आहे असे मला मानता येत नाही.

याच्या तुलनेत सिएरा नेवाडामधले बेडूक मला सोपे वाटतात. उंचावरच्या त्या तळ्यांत मुळात मासेच नव्हते. गळ टाकणाऱ्यांसाठी आधी खेचरांवरून आणि नंतर विमानांतून ट्राउट सोडले गेले, आणि पिवळ्या पायांचे डोंगरी बेडूक त्यांच्या पोटात गेले. सिक्वोया आणि किंग्ज कॅन्यनमधल्या निवडक तळ्यांतून २००१ पासून जाळी लावून मासे काढायला सुरुवात झाली, आणि काही तळ्यांत बेडूक पुन्हा दिसू लागले. इथे काम संपवता येते. मासे संपले की जाळी गुंडाळायची आणि खाली उतरायचे. लांडग्यांच्या बाबतीत काम संपेल की दर वीस-तीस वर्षांनी नवे लांडगे आणावे लागतील, हे हिवाळ्यांवर अवलंबून आहे. माझ्या दृष्टीने खरी कसोटी इथे आहे : हे काम कधीतरी संपणारे आहे का?

पाऊलवाट

सर्वांचे मनापासून आभार. मी प्रश्न ‘लावावे की लावू नये’ असा मांडला होता, तो आता मला थोडा ढोबळ वाटतो आहे. करवत यांच्या दोन पायऱ्या, निखारा यांचे आपणच घातलेले दोर आणि सरोवरकाठ यांची संपणाऱ्या कामाची कसोटी, या तिन्ही गोष्टी लावून पाहिल्या तर तांबेरा हा निश्चितच आपण घातलेला दोर आहे. पण तो सोडवता येणारा नाही, कारण तांबेरा आता त्या डोंगरांतून काढता येत नाही. माशांसारखी जाळी लावून तो वेचता येणार नाही. रोपे लावली तरी व्हाइटबार्कला शंकू धरायलाच पंचवीस-तीस वर्षे लागतात आणि भरघोस बी यायला साठाहून अधिक. म्हणजे ज्याने रोप लावले त्याला हे काम संपले की नाही, ते कळणारही नाही. जुने पान यांच्या भीतीपुढे माझ्याकडे यावर अजून उत्तर नाही.

करवत, तुम्हाला एकच विचारते. रोपे न्यायचीच ठरली तर ‘सर्वांत हलका मार्ग’ तिथे कोणता असेल? त्या उतारापर्यंत आम्हाला पोहोचायला दोन दिवस लागले होते.

करवत

दोन दिवस लागतात हे चांगलेच आहे. पाठीवरून किंवा खेचरांवरून जेवढी रोपे नेता येतील तेवढीच लावायची, हेलिकॉप्टर नाही, असे ठरले की संख्या आपोआप आवरते आणि जागा निवडून लावावी लागते.

पण मी त्याहून हलका मार्ग सुचवेन, आणि तो त्या उतारावर कदाचित तुम्ही पाहिलाही असेल. व्हाइटबार्कचे शंकू आपले आपण उघडत नाहीत, त्यामुळे त्याच्या बिया वाऱ्याने पसरत नाहीत. क्लार्क्स नटक्रॅकर हा राखाडी अंगाचा, काळ्या पंखांचा पक्षी शंकू फोडून बिया जिभेखालच्या पिशवीत भरतो आणि चार-पाच बियांचे लहान लहान साठे बोटभर खोल मातीत पुरून ठेवतो. विसरलेल्या साठ्यांतून रोपे उगवतात, म्हणून या पाइनची झाडे पुष्कळदा झुपक्याने उभी दिसतात. हा पक्षी बिया तीस किलोमीटरपर्यंत नेतो, असे आढळले आहे. वाइल्डरनेसच्या हद्दीबाहेर, रस्त्याने पोहोचता येईल अशा राष्ट्रीय वनाच्या कड्यांवर रोगाला तोंड देणारी झाडे लावली, तर हद्दीच्या आत काय पेरायचे आणि कुठे, हे तो पक्षी ठरवेल.

यात एक अडचण आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही. एखाद्या रानात शंकू फार कमी झाले की नटक्रॅकर तिथे फिरकेनासा होतो, आणि मग बाहेरची झाडे मोठी होईपर्यंत आतला उतार तसाच राहतो. तुमच्या त्या उतारावर जिवंत, शंकू धरलेली झाडे किती उरली होती, हे आठवत असेल तर अवश्य लिहा. पुढच्या उन्हाळ्यात तिकडे जाणार असाल तर मोजून या. झाडाच्या शेंड्याकडेच शंकू धरतात, जांभळट रंगाचे आणि राळेने चिकट, तेव्हा दुर्बीण सोबत ठेवा.